‘एक दो तीन’वर माधुरी नाचली, पण त्या स्टेप्स कुणाच्या होत्या?

सिनेमातला तुमचा आवडता डान्स कोणता, असं कुणी विचारलं की उत्तर चटकन येतं. कुणी माधुरीचा ‘एक दो तीन’ सांगतं, कुणी श्रीदेवीचा ‘हवा हवाई’, कुणी ‘नटरंग’मधली सोनाली कुलकर्णीची ‘अप्सरा आली’. अलीकडच्या पोरांना विचारलं तर ‘नाटू नाटू’. आता जरा थांबून ही उत्तरं परत वाचा. प्रत्येक वेळी आपण नाव घेतलं ते कॅमेऱ्यासमोर नाचणाऱ्या कलाकाराचं.

गाणं आवडलं तर आपण गायकाचं नाव घेतो, संगीतकाराचं घेतो, जाणकार असू तर गीतकाराचंही घेतो. डान्स आवडला की मात्र तो बसवणारा माणूस आठवतच नाही. मागच्या रांगेत नाचणारे पन्नास जण तर सोडूनच द्या. यात दोष फक्त आपल्या आठवणीचा नाही. पुरस्कारांनी या लोकांना वर्षानुवर्षं मोजलंच नाही आणि कायदा तर आजही त्यांना अर्धवटच मोजतो. सगळी भानगड समजून घ्यायची तर सुरुवात १९८८ पासून करावी लागते.

मोहिनी, मोहिनी

नोव्हेंबर १९८८. ‘तेजाब’ रिलीज झाला. दिग्दर्शक एन. चंद्रा, म्हणजे आपल्या मुंबईचे चंद्रशेखर नार्वेकर. ‘अंकुश’ आणि ‘प्रतिघात’मुळे त्यांचं नाव झालेलं होतं. हिरो अनिल कपूर. हिरॉइन माधुरी दीक्षित, जिचे त्याआधीचे काही सिनेमे येऊन गेले होते आणि फारसे कुणाच्या लक्षात नव्हते.

त्यात एक गाणं होतं. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल, शब्द जावेद अख्तर, आवाज अलका याज्ञिक. संगीतकार चाल ऐकवताना मीटर कळावं म्हणून काहीतरी तात्पुरते शब्द टाकतो, त्याला ‘डमी’ म्हणतात. या चालीला लक्ष्मीकांत यांनी डमी म्हणून सरळ आकडे टाकले होते आणि जावेद अख्तर यांना ते इतके आवडले की त्यांनी आकडेच ठेवले, असा किस्सा सांगितला जातो. गंमत अशी की डान्सवालेही तालमीत दुसरं काय करतात? आकडेच मोजतात. एक ते आठ, पुन्हा एक ते आठ.

सिनेमा लागला आणि थिएटरमध्ये पडद्यावर नाणी उडायला लागली. या एका गाण्याने माधुरी रातोरात ‘मोहिनी’ झाली. पुढची दहा-बारा वर्षं शाळेच्या गॅदरिंगपासून सोसायटीच्या गणपतीपर्यंत हे गाणं वाजलं नाही असं झालं नाही.

आता एक गोष्ट बघा. याच गाण्याची अमित कुमार यांच्या आवाजातली आवृत्तीसुद्धा ‘तेजाब’मध्ये आहे. तीच चाल, तेच आकडे, पडद्यावर अनिल कपूर. तिच्यावर कुणी गॅदरिंगला नाचल्याचं तुम्ही कधी ऐकलंय? अनेकांना ती आहे हेही माहीत नसतं. म्हणजे चाल तीच असताना एक आवृत्ती अजरामर झाली आणि दुसरी विसरली गेली. आवाज वेगळा होता, माधुरी होती, हे सगळं खरं. पण सगळ्यात मोठा फरक होता तो माधुरीच्या आवृत्तीतल्या डान्सचा.

तो डान्स बसवला होता सरोज खान यांनी. बारकाईने पाहिलं तर त्यात जिम्नॅस्टिकसारखं काही नाही. बोटांनी मोजणं, कंबर, खांदा, आणि प्रत्येक आकड्याला चेहऱ्यावर वेगळा भाव. घरी आरशासमोर अर्धा तास उभं राहिलं तर निम्म्या स्टेप्स जमतात. उरलेल्या निम्म्या जमत नाहीत, कारण त्या चेहऱ्यात आहेत. जमेल असं वाटावं पण पूर्ण जमू नये, हे मुद्दाम रचावं लागतं. हिट हुक स्टेपचं सगळं गणित इथेच आहे आणि आज रील्ससाठी गाणी बनवणारे लाखो रुपये खर्चून हेच शोधत असतात.

या गाण्याची एवढी चर्चा झाली की फिल्मफेअरला नवा पुरस्कार काढावा लागला. १९५४ पासून हे पुरस्कार दिले जात होते. गायक, संगीतकार, गीतकार, संकलक असे सगळे त्यात होते. कोरिओग्राफर नव्हता. १९८९ मध्ये पहिल्यांदा ‘सर्वोत्कृष्ट नृत्यदिग्दर्शन’ हा विभाग आला आणि पहिलाच पुरस्कार सरोज खान यांना मिळाला. दुसऱ्या वर्षी ‘चालबाज’साठी पुन्हा त्यांनाच, तिसऱ्या वर्षी ‘सैलाब’साठी पुन्हा त्यांनाच. ‘सैलाब’चं ते गाणं म्हणजे माधुरीने कोळणीच्या पेहरावात केलेला डान्स. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांमध्ये हा विभाग आला तो १९९१ च्या सिनेमांपासून.

जरा हिशोब करा. वैजयंतीमाला, वहिदा रेहमान, हेलन, आशा पारेख, आपली संध्या यांच्या ज्या नाचांवर अख्ख्या पिढ्या फिदा होत्या, त्या सगळ्या काळात नाच बसवणाऱ्यासाठी एकही मोठा फिल्मी पुरस्कार नव्हता.

मागच्या रांगेतून पुढे

सरोज खान यांचं मूळ नाव निर्मला नागपाल. जन्म १९४८ चा, मुंबईतला. फाळणीनंतर सगळं सोडून आलेलं कुटुंब. तिसऱ्या वर्षी ‘नजराना’ सिनेमात बालकलाकार म्हणून काम, आणि थोडं मोठं झाल्यावर ग्रुप डान्सर. घराला पैसे हवे होते म्हणून, हौस म्हणून नाही.

तिथेच डान्स मास्टर बी. सोहनलाल यांनी तिला हेरलं आणि असिस्टंट केलं. सोहनलाल म्हणजे त्या काळातलं बडं प्रस्थ. ‘गाईड’मधले वहिदा रेहमान यांचे नाच त्यांनी आणि हीरालाल यांनी बसवलेले. तेराव्या वर्षी सरोज यांचं सोहनलाल यांच्याशी लग्न झालं. ते वयाने कितीतरी मोठे आणि आधीच विवाहित होते, आणि हे आपल्याला तेव्हा माहीत नव्हतं असं सरोज यांनी नंतर स्वतःच सांगितलं. आजच्या भाषेत या लग्नाला काय म्हणायचं ते वेगळं सांगायला नको. ‘गुरूने शिष्या घडवली’ अशी गोडगोड गोष्ट अनेक लेखांत वाचायला मिळते, म्हणून हे इथे लिहिलं.

१९६३ च्या ‘दिल ही तो है’मधली नूतन यांची कव्वाली आठवत असेल. सोहनलाल उपलब्ध नव्हते म्हणून ती बसवायची जबाबदारी आपल्यावर आली, असं सरोज सांगायच्या. तेव्हा त्या जेमतेम चौदा-पंधरा वर्षांच्या. स्वतंत्र डान्स मास्टर म्हणून पहिलं मोठं काम मिळालं ते १९७४ मध्ये, ‘गीता मेरा नाम’साठी. तो सिनेमा दिग्दर्शित केला होता अभिनेत्री साधना यांनी. पुरुषांच्या या धंद्यात पहिली संधी एका बाईने दिली ही नोंद महत्त्वाची. आणि त्यानंतरही खरं यश यायला आणखी बारा-तेरा वर्षं लागली. ‘नगीना’ १९८६ चा, ‘मिस्टर इंडिया’ १९८७ चा.

म्हणजे ‘एक दो तीन’ आलं तेव्हा सरोज खान चाळिशीच्या होत्या आणि त्यातली जवळपास तीस वर्षं नाचण्यात आणि नाच बसवण्यात गेली होती. आपल्याला मात्र त्या १९८८ मध्येच दिसल्या.

डान्स मास्टर नक्की करतो काय?

आता तुम्ही म्हणाल, स्टेप्स शिकवणं एवढंच तर काम आहे. तसं नाही. आपल्याकडच्या सिनेमात गाणं शूट होत असताना सेटवर खरा दिग्दर्शक बहुतेक वेळा डान्स मास्टरच असतो. कॅमेरा कुठे लावायचा, क्लोजअप कधी घ्यायचा, कुठल्या ओळीला पाय दाखवायचे आणि कुठल्या ओळीला फक्त डोळे, हे तो ठरवतो. गाणं मुखडा, अंतरा आणि मधले म्युझिकचे तुकडे असं फोडून प्रत्येक तुकड्याला शॉट पाडले जातात. ग्रुप कुठून आत येणार आणि कुठून बाहेर जाणार, हेही त्यालाच बघावं लागतं. सरोज खान यांना अख्खी इंडस्ट्री ‘मास्टरजी’ म्हणायची ते उगाच नाही.

एक उदाहरण घ्या. ‘जो जीता वही सिकंदर’ (१९९२) मधलं ‘पहला नशा’. या सिनेमाची गाणी सरोज खान करणार होत्या. त्यांना जमलं नाही आणि फराह खान नावाच्या नवख्या मुलीला हे गाणं मिळालं. दिग्दर्शक मन्सूर खान होते. अख्खं गाणं स्लो मोशनमध्ये. पण स्लो मोशनमध्ये ओठ कसे जुळणार? हालचाल मंद झाली की ओठही मंद होणार आणि गाणं पुढे निघून जाणार.

यावरची युक्ती साधी आहे आणि भन्नाट आहे. कॅमेरा दुप्पट वेगाने चालवायचा, म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी ४८ फ्रेम, आणि सेटवर गाणंही दुप्पट वेगाने वाजवायचं. कलाकार त्या पळत्या, किरट्या आवाजातल्या गाण्यावर भराभर ओठ हलवतात. नंतर फिल्म नेहमीच्या वेगाने दाखवली की ओठ बरोबर जुळतात आणि केस, स्कर्ट, उडी हे सगळं तरंगल्यासारखं दिसतं. ते गाणं पुन्हा बघा. त्यात म्हणाव्या अशा स्टेप्सच फार नाहीत, तरी ते कोरिओग्राफीचं उत्तम उदाहरण मानलं जातं.

सरोज खान यांची ताकद याच्या बरोबर उलट टोकाला होती. त्यांना ट्रिक लागायची नाही, चेहरा लागायचा. ‘बेटा’मधलं ‘धक धक’ (१९९२) आवाज बंद करून पाहिलं तर हालचाल किती कमी आहे ते लक्षात येईल. श्वास, मान, पापणी. माधुरीचं लहानपणापासूनचं कथकचं शिक्षण तिथे कामी आलं. ‘हवा हवाई’मध्ये श्रीदेवीला त्यांनी भाव दिले ते विनोदी नटाचे. दोन नट्या, दोन स्वभाव, एकच मास्टर. माझ्या मते हेच त्यांचं सगळ्यात मोठं काम, आणि नेमकं हेच काम आपण ‘माधुरीचं एक्स्प्रेशन’ म्हणून माधुरीच्या खात्यात जमा करतो. माधुरीने स्वतः मात्र हे श्रेय मास्टरजींना वारंवार दिलं आहे.

मुखवट्यामागचे

हे फक्त सरोज खान यांच्याबाबतीत घडलं असं नाही. १९६५ चा ‘गुमनाम’ घ्या. त्यातलं ‘जान पहचान हो’ हे रफीसाहेबांचं रॉक अँड रोल गाणं. पडद्यावर बँड, डोळ्यांवर मुखवटे लावलेले नाचणारे, आणि मधोमध सोनेरी पोशाखात मान झटकत बेभान नाचणारी एक मुलगी. २००१ मध्ये ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकन सिनेमाची सुरुवातच या गाण्याने झाली. २०११ मध्ये हायनेकेनच्या एका जाहिरातीत ते वाजलं. परदेशात हिंदी सिनेमाची ओळख म्हणून हे गाणं दाखवतात.

ती मुलगी कोण? लक्ष्मी छाया. तिच्यासोबत नाचणारा तो सडपातळ माणूस कोण? हर्मन बेंजामिन, ज्यांनी हा डान्स बसवलाही होता. किती जणांना ही नावं माहीत आहेत?

आणि आपल्या मराठी माणसाची गोष्ट तर आणखी वेगळी. भगवान दादा, म्हणजे भगवान आबाजी पालव. गिरणी कामगाराचा मुलगा. १९५१ मध्ये त्यांचा ‘अलबेला’ आला. सोबत गीता बाली आणि संगीत सी. रामचंद्र यांचं. त्यात त्यांनी जो नाच केला तो कुठल्याही शास्त्रात बसत नाही. गुडघे किंचित वाकलेले, पाय जागच्या जागी सरकणारे, हात सैल आणि चेहऱ्यावर मिश्कील भाव. जिला नाचता येत नाही अशा माणसालाही नाचता यावं अशी ही स्टेप. अमिताभ बच्चन यांच्या नाचात तुम्हाला ती सापडेल आणि गोविंदाच्या नाचातही. वरातीत बँडसमोर काकालोक जे करतात तेही मुळात हेच.

आता कल्पना करा, या स्टेपच्या प्रत्येक वापराला एक रुपया मिळाला असता तर? भगवान दादांनी ‘अलबेला’नंतर बंगला पाहिला, गाड्या पाहिल्या, पुढचे सिनेमे पडले आणि सगळं गेलं. मिळतील त्या छोट्या भूमिका करत ते जगले आणि ४ फेब्रुवारी २००२ ला दादरला चाळीतल्या घरात गेले. २०१६ मध्ये ‘एक अलबेला’ हा मराठी सिनेमा त्यांच्यावर आला, मंगेश देसाई भगवान दादांच्या भूमिकेत आणि विद्या बालन गीता बालीच्या. तोवर त्यांची स्टेप अख्ख्या देशाची झाली होती.

मराठीत अलीकडे चित्र थोडं बदललं, हेही सांगायला हवं. ‘नटरंग’ १ जानेवारी २०१० ला आला आणि ‘अप्सरा आली’ गावोगावच्या स्टेजवर पोचलं, तेव्हा सोनालीसोबत फुलवा खामकर हे नावही लोकांपर्यंत पोचलं. नाच तिने बसवला होता. (फुलवा म्हणजे लेखक अनिल बर्वे यांची मुलगी आणि ‘तुंबाड’च्या राही बर्वेची बहीण. हे अनेकांना ठाऊक नसतं म्हणून सांगितलं.) टीव्हीवरच्या डान्स शोमुळे कोरिओग्राफर परीक्षकाच्या खुर्चीत दिसायला लागले, त्याचाही यात मोठा वाटा आहे.

ऑस्कर मिळालं, पण डान्सला नाही

मार्च २०२३. ‘आरआरआर’च्या ‘नाटू नाटू’ला ऑस्कर मिळालं आणि आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पुरस्कार होता ‘सर्वोत्कृष्ट गाणं’ या विभागाचा. तो मिळाला संगीतकार एम. एम. कीरावानी आणि गीतकार चंद्रबोस यांना. नियमाप्रमाणे ते बरोबरच.

पण खरं सांगा, जगाने ‘नाटू नाटू’ ऐकलं की पाहिलं? खांद्यावर हात टाकून राम चरण आणि ज्युनियर एनटीआर पाय मागे-पुढे मारतात ती स्टेप नसती तर तेलुगू न कळणाऱ्या माणसाने हे गाणं शेवटपर्यंत लावलं असतं का? ऑगस्ट २०२१ मध्ये युक्रेनच्या कीव्ह शहरात, राष्ट्राध्यक्षांच्या मारिन्स्की राजवाड्यासमोर ते शूट झालं. युद्ध पेटायला तेव्हा जेमतेम सहा महिने उरले होते. कोरिओग्राफर प्रेम रक्षित यांनी त्या एका हुक स्टेपसाठी डझनावारी पर्याय तयार केले होते. दोन हिरोंची लय तंतोतंत जुळावी म्हणून राजामौली यांनी रीटेकवर रीटेक घेतले.

प्रेम रक्षित यांना ऑस्कर मिळणं शक्यच नव्हतं, कारण तसा विभागच नाही. गंमत म्हणजे एकेकाळी तो होता. १९३५, १९३६ आणि १९३७ या तीन वर्षांच्या सिनेमांसाठी ‘नृत्यदिग्दर्शन’ हा विभाग ऑस्करमध्ये होता. तिसऱ्या वर्षी तो फ्रेड अस्टेअर यांचे जोडीदार कोरिओग्राफर हर्मिस पॅन यांना मिळाला आणि त्यानंतर विभाग बंद झाला. पुढे कधीतरी एखाद्याला मानद पुरस्कार दिला जायचा, जसा १९५२ मध्ये जीन केली यांना मिळाला. नियमित विभाग काही परत आला नाही.

प्रेम रक्षित यांना आपल्या देशात मात्र त्याच कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या बाबतीत आपण हॉलिवूडच्या पुढे आहोत, हे मान्य करायला हरकत नाही.

आता पैशाचं बोलू

पुरस्कार हा मानाचा भाग झाला. खरा प्रश्न हक्काचा आहे. गाणं रेडिओवर वाजलं, हॉटेलात वाजलं, दुसऱ्या सिनेमात वापरलं की कुणाला पैसे मिळतात?

भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात नृत्यरचनेला, म्हणजे कोरिओग्राफीला, ‘नाट्यकृती’ या सदरात संरक्षण आहे. एक अट आहे: ती रचना लेखी किंवा अन्य स्वरूपात नोंदवलेली हवी. आणि एक मेख आहे: त्याच व्याख्येत लिहिलंय की नाट्यकृतीमध्ये सिनेमा येत नाही. म्हणजे तुम्ही स्टेजसाठी नृत्य रचलं आणि नीट नोंदवून ठेवलं तर तुमचा दावा सोपा. पण सिनेमासाठी रचलं आणि ते फक्त सिनेमातच आहे, तर त्या फिल्मचा मालक निर्माता. त्यातल्या स्टेप्सवर मास्टरचा स्वतंत्र हक्क किती उरतो यावर वकील वाद घालत बसतात. शिवाय काम घेतानाच्या करारात सगळे हक्क निर्मात्याला लिहून दिलेले असतात ते वेगळंच.

२०१२ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. तिच्यासाठी राज्यसभेत सगळ्यात जोरात आवाज उठवला जावेद अख्तर यांनी. गीतकार-संगीतकारांनी सिनेमासाठी गाणं केलं तरी थिएटरबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला त्यांचा वाटा त्यांना लिहून देता येणार नाही, अशी तरतूद झाली. म्हणजे करारात निर्मात्याने काहीही लिहून घेतलं तरी तो वाटा त्यांचाच. खूप चांगली गोष्ट. फक्त त्या तरतुदीतले शब्द आहेत ‘साहित्यकृती’ आणि ‘संगीतकृती’. ‘नाट्यकृती’ हा शब्द तिथे नाही. म्हणजे शब्द लिहिणारा आत, चाल लावणारा आत, नाच बसवणारा बाहेर.

२०१८ मध्ये ‘बागी २’साठी ‘एक दो तीन’ जॅकलिन फर्नांडिसवर नव्याने शूट झालं. एन. चंद्रा यांनी उघड नाराजी व्यक्त केली, सोशल मीडियावर लोकांनीही धुतलं. मूळ गाण्याचे हक्क ज्यांच्याकडे असतात त्यांच्याकडून ते विकत घेऊन रिमेक करता येतो, तसा तो झाला. पण लोक चिडले ते सूर बदलला म्हणून नाही. मोहिनी बदलली, तो नाच बदलला म्हणून चिडले. ज्या गोष्टीवरून एवढा राग आला, नेमकी ती गोष्ट कायद्याच्या हिशोबात सगळ्यात कच्ची आहे.

आणि ग्रुप डान्सर? त्यांच्याबाबत कायदा जे म्हणतो ते वाचून मी दोनदा तपासलं. कलाकारांना कॉपीराइट कायद्यात ‘परफॉर्मर’ म्हणून काही हक्क मिळतात. मात्र सिनेमापुरता एक अपवाद लिहिलेला आहे. ज्याचं काम किरकोळ किंवा आनुषंगिक स्वरूपाचं आहे आणि इंडस्ट्रीच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत किंवा कुठेच दिलं जात नाही, त्याला परफॉर्मर मानायचं नाही. एवढंच ठेवलंय की त्याच्या कामाची मोडतोड करून बदनामी झाली तर तो तक्रार करू शकतो.

याचा अर्थ समजून घ्या. श्रेयनामावलीत नाव आलं नाही तर नुसता मान जात नाही, हक्क मागण्याचा पायाच डळमळीत होतो. नाव न देण्याचा रिवाज आहे म्हणून हक्क नाही, आणि हक्क नाही म्हणून नाव देण्याची कुणाला गरज नाही. मुंबईत सिने डान्सर्स असोसिएशन आहे, ती मेहनताना आणि शिफ्टचे तास यासाठी भांडते. पण दिवसाचा पगार मिळाला की त्या डान्सरचा त्या गाण्याशी संबंध संपतो, मग गाणं यूट्यूबवर पन्नास कोटी वेळा का बघितलं जाईना.

आणि मग रील्स आली

हाच प्रश्न आता आपल्या मोबाईलमध्ये आलाय. २०१९ मध्ये अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या जलाया हार्मन या चौदा वर्षांच्या मुलीने ‘रेनेगेड’ नावाचा डान्स तयार केला. तो टिकटॉकवर पोचला आणि मोठमोठ्या इन्फ्लुएन्सर्सनी तो करून लाखो फॉलोअर्स मिळवले. मुलगी कुणाला माहीतच नव्हती. २०२० च्या फेब्रुवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तिची बातमी केली तेव्हा कुठे तिला श्रेय मिळालं. त्यानंतर कॅप्शनमध्ये ‘डीसी’, म्हणजे ‘डान्स क्रेडिट’, लिहायची चर्चा वाढली. आपल्याकडच्या रील्समध्ये ते दिसतं का, तुम्हीच बघा.

त्याच वर्षी बियॉन्सेच्या ‘सिंगल लेडीज’चा डान्स बसवणाऱ्या जाक्वेल नाइट यांनी त्या कोरिओग्राफीचा कॉपीराइट स्वतःच्या नावावर नोंदवला. आणि काइल हानागामी या कोरिओग्राफरने ‘फोर्टनाइट’ या गेमच्या कंपनीवर केस केली, कारण त्यातली पात्रं त्याच्या स्टेप्स करत होती. खालच्या कोर्टाने केस फेटाळली. २०२३ मध्ये अपील कोर्टाने ती पुन्हा उभी केली. नाच म्हणजे सुट्या पोजेसची यादी नाही, लय, वेग, वळणं आणि त्यांची मांडणी मिळून तो बनतो, असा त्या निकालाचा रोख होता.

आपल्याकडे सिनेमातल्या स्टेपवरून असा दावा कुणी लढायचा म्हटला तर त्याला आधी ती ‘नोंदवलेली’ रचना दाखवावी लागेल. भगवान दादांच्या काळात असं काही करायचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आजच्या कोरिओग्राफरकडे तालमीचे व्हिडिओ असतात, तारखेसकट. एवढा एक फरक पडलाय.

सरोज खान ३ जुलै २०२० ला मुंबईत गेल्या. लॉकडाऊनचे दिवस होते, अंत्ययात्रा मोठी निघालीच नाही. तीन राष्ट्रीय पुरस्कार आणि आठ फिल्मफेअर त्यांच्या नावावर होते. शेवटच्या मोठ्या कामांपैकी एक म्हणजे २०१९ च्या ‘कलंक’मधलं गाणं, पुन्हा माधुरीसोबतच. त्या गेल्या त्या दिवशी एक जुनी क्लिप सगळीकडे फिरली. १९५८ चा ‘हावडा ब्रिज’, मधुबाला ‘आइए मेहरबान’ गातेय आणि मागे नाचणाऱ्यांमध्ये मुलाच्या वेशात दहा वर्षांची सरोज आहे. लोकांनी तिला शोधून काढलं, स्क्रीनशॉट टाकले, बाण काढून दाखवलं. तिच्या बाजूला नाचणारे बाकीचे कोण, हे मला दिसलेल्या एकाही पोस्टमध्ये नव्हतं.